सांजावाच्या आधी भट्टीवर जा

तुमचा प्रश्न असा: डिचोलीत वाईन शॉपचं लायसन्स नुकतंच हाती आलंय. नाशिकच्या वाईनवाल्यांशी आणि इथल्या फेणीवाल्यांशी ओळख वाढवायची आहे, त्यासाठी पणजीच्या वाईन महोत्सवात किंवा सांजावाच्या, म्हणजे विहिरींत उड्या मारायच्या सेंट जॉनच्या सणाच्या, दिवसांत काय करावं, स्टॉल घ्यावा का, आणि मैत्री झाली की उधारीचं काय होतं? मी म्हापशात २८ वर्षं काउंटरवर बसतोय, त्याआधी वडील बसायचे. त्या बळावर सांगतो.

ओळख करून घ्यायला उत्सव ही सगळ्यात वाईट जागा. आधीची ओळख असेल तर मात्र त्याच्यासारखी जागा नाही. हा फरक समजायला मला सात-आठ वर्षं लागली. सुरुवातीला मी इस्त्रीचा शर्ट घालून पणजीला ‘ग्रेप एस्केपेड’ या वाईन महोत्सवाला जायचो, प्रत्येक स्टॉलवर अर्धा घोट घ्यायचो आणि खिसाभर व्हिजिटिंग कार्डं घेऊन घरी यायचो. एकाही कार्डातून काही उगवलं नाही. मला वाटायचं, आपण म्हापशाचे लहान दुकानदार, आपल्याला कोण विचारतो.

खरं कारण कॅलेंडरात होतं. आपल्याकडे द्राक्षवेल थंडीत झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तिच्यातून काड्या तयार होतात. पाऊस ओसरला की गोडी छाटणी, तिच्यातून घड येतात. वाईनच्या द्राक्षांची तोडणी येते साधारण जानेवारी ते मार्च. युरोपात हीच तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर असते. म्हणजे गोव्यात पर्यटनाचा हंगाम भरात असतो आणि आपण पणजीत प्लॅस्टिकचे ग्लास घेऊन फिरत असतो, तेव्हा वाईन बनवणारा माणूस दिंडोरीत नाहीतर गंगापूरला टाकीपाशी उभा असतो. रस उकळ्या फुटल्यासारखा आंबत असतो, रात्री दोनला उठून तापमान बघावं लागतं. तो गोव्याला कसा येणार? स्टॉलवर उभा असतो तो सेल्सचा मुलगा. तो वाईट नसतो, पण त्याला टार्गेट असतं आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्याच कंपनीचा टी-शर्ट घालून भेटतो. माझ्या खिशातली कार्डं सगळी त्याचीच होती.

फेणीवाल्याचंही तसंच. काजूचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू होतो आणि मे सरेपर्यंत चालतो. या काळात त्याच्या घरी लग्न असलं तरी तो अर्धा भट्टीवर असतो. शिगमोत्सवाला गावात ढोल वाजत असतात आणि हा धुरात बसलेला असतो.

दोघंही मोकळे होतात ते जूनमध्ये. नाशिकला खरड छाटणी उरकून वेली फुटलेल्या असतात, टाक्यांतली वाईन शांत झालेली असते. इकडे पाऊस लागून भट्टी थंड झालेली असते, फेणी गाराफांवांत, म्हणजे काचेच्या मोठ्या गोल बुधल्यांत, भरून ठेवलेली असते. आणि २४ जूनला सांजाव. म्हणून माझ्या मैत्र्यांचा सण पणजीचा वाईन महोत्सव नाही, सांजाव आहे. गेली १४ वर्षं नाशिकचा एक वाईनमेकर मित्र त्या आठवड्यात माझ्याकडे येतो. आंबोली घाट पावसात बघायला येतो असं बायकोला सांगतो. त्याची छोटी वायनरी आहे, नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर हे उत्तर जाहिरात वाटेल.

पहिल्या वर्षी मी त्याला शिवोलीच्या एका फेणीवाल्याकडे नेलं. सांजावाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. पाऊस असा की बाल्कांवाच्या, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्याच्या, पायऱ्यांवरून पाणी पायांपर्यंत येत होतं. आत पोरं वेलींची आणि फुलांची कोपेलं, म्हणजे डोक्यावरचे मुकुट, बांधत होती, घुमट या वाद्याचं कातडं विस्तवावर धरून ताणत होती. पात्रांवानं, म्हणजे त्या फेणीवाल्यानं, आत जाऊन गाराफांवातनं एक छोटी बाटली भरून आणली, तिला अंगठा लावून जोरात हलवली आणि आमच्यासमोर धरली. वर मण्यांचा थर जमला, लगेच फुटला नाही. “पळे, फेण,” एवढंच म्हणाला. त्या फेणावरूनच फेणी हे नाव. नाशिकवाल्यानं दोन थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले, वास घेतला. मला बरं वाटलं. बाहेरचे लोक बहुतेक आधी नाक मुरडतात, याला निदान हाताळायचं कसं ते माहीत होतं.

मग त्यानं बॅगेतून आपली शेनिन ब्लांक ही व्हाइट वाईन काढली. आइसबॉक्समधून आणलेली, बाटलीला घाम फुटलेला. पात्रांवानं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि म्हणाला, “हें निऱ्यासारकें लागता मरे.” निरो म्हणजे बोंडूंचा, काजूच्या फळांचा, चोथा दाबून ठेवला की ठिबकणारा न आंबलेला रस. नाशिकवाला उडालाच. त्या टाकीबद्दल त्याच्या स्वतःच्या वहीत “पेरू, थोडं काजूफळ” असं लिहिलेलं होतं, आणि ते कुणाला कळेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानंतर दोघांचं तीन तास चाललं. यानं विचारलं, “काका, यीस्ट कुठलं वापरता?” पात्रांव म्हणाला, यीस्ट-बिस्ट काही नाही, रस आपसूक आंबतो, दोन-तीन दिवसांत उकळी बसली की समजायचं. याच्याकडे पाकिटातलं यीस्ट, थंड पाण्याचं वेष्टण असलेल्या स्टीलच्या टाक्या, रोज साखर मोजणं. शेवटी वाद कुणाचं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, जुनं यावर आला. काजू फेणीला ते २००९ मध्ये मिळालं, नाशिक व्हॅली वाईनचं त्यानंतरचं. पात्रांवानं तो मुद्दा जिंकला आणि आजही दर वर्षी पहिल्या पेल्याला तोच काढतो.

आता तुम्ही म्हणाल, मला नाशिकवाला आणि पात्रांव भेटले कसे? दोघांकडेही मी त्यांच्या घामाच्या दिवसांत गेलो होतो. एवढंच.

भट्टीवर जायचं तर मार्चच्या मध्यात जा. बागेत पडलेले बोंडूच गोळा करतात, झाडावरचे तोडत नाहीत, कारण पिकून पडलेल्यातच रस पुरा असतो. बी पिरगाळून वेगळी होते. बोंडू पूर्वी कातळात कोरलेल्या कोळमीत पायांनी तुडवायचे, अजून काही ठिकाणी तुडवतात, बाकी ठिकाणी यंत्र आलंय. आंबलेला रस तांब्याच्या भाणात उकळतो, वाफ नळीतून थंड मडक्यात जाते, आणि मडक्यावर एक माणूस सारखं पाणी ओतत असतो. पहिल्या धारेला उर्राक म्हणतात. तीच उर्राक ताज्या आंबलेल्या रसात घालून पुन्हा चढवली की फेणी. कडकपणा मोजायला भट्टीवरचे लोक ‘ग्राव’ म्हणतात, पोर्तुगीज काळातलं माप. तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला बाटलीवर ४२.८ टक्के वाचायची सवय. तिथे ग्रावातच बोला, चुकलात तरी चालेल, हसतील आणि शिकवतील.

तिथे गेल्यावर दर विचारू नका, पहिल्या भेटीत तर नाहीच. विस्तवाकडे बघा. भट्टीचं सगळं कसब आगीत आहे. आग भडकली तर रस भाणाच्या तळाला लागतो आणि करपट वास वर येतो, तो मग फेणी कितीही वर्षं ठेवा, जात नाही. चांगला भट्टीवाला लाकूड ओढतो आणि सारतो, ओढतो आणि सारतो, बोलता बोलता. तेवढं बघितलंत की कुणाची फेणी घ्यायची हे बाटली उघडण्याआधी कळतं. उर्राक दिली तर प्या, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची आणि सोडा घालून. पण दुकानासाठी तिचा विचार करू नका. ती टिकत नाही, तिची चव हंगामाबरोबरच जाते, आणि सुटा माल काउंटरवर ठेवलात तर लायसन्सही तिच्याबरोबर जाईल.

नाशिकला मी फेब्रुवारीत गेलो ते स्वतःच्या खर्चानं, रात्रीच्या बसनं. सहाशे किलोमीटरहून जास्त अंतर. सकाळी नऊला पोचलो तेव्हा तोडणी होऊन क्रेट उतरत होते, वाईनचे लोक पहाटेच्या गारव्यातच द्राक्षं तोडतात. मला कुणी चहाही विचारला नाही. मी क्रेट उचलायला लागलो. दुपारी जेवताना माझा हा मित्र माझ्याकडे बघून म्हणाला, “तुम्ही नक्की कोण?” तिथून सुरुवात.

आता पैशाचं, कारण तुमचा अर्धा प्रश्न तोच आहे. फेणीवाल्याला पैसा लागतो हंगामाच्या तोंडावर. काजूच्या झोनची पावणी, म्हणजे लिलाव, असते, मजूर लावायचे असतात, लाकूड आणायचं असतं. तेव्हा त्याच्या हातात काही नसतं. मी जानेवारीत, बोडगेश्वराची जत्रा झाली की, आगाऊ रक्कम देतो. व्याज नाही. पण वहीत लिहितो, त्याच्यासमोर लिहितो आणि त्याची सही घेतो. मित्राकडून सही घ्यायला लाज वाटते ना? पहिल्यांदा मलाही वाटली. एका वर्षी न लिहिता दिले, त्यावरून नंतर त्याचा मुलगा आणि मी समोरासमोर बसून, दोघंही खरं बोलत असून, वेगवेगळे आकडे सांगत होतो. तेव्हापासून लिहितो. हिशेब १५ जूनच्या आत मिटवतो. सांजावाच्या दिवशी कुणाच्या दारात बाकी घेऊन जायचं नाही, न देण्याची न घेण्याची. त्या दिवशी जावई येतात, पणस-अननसाच्या टोपल्या येतात, तिथे आपली वही नको.

नाशिकच्या मालाचं वेगळं. तिथून तुम्ही मित्राकडून थेट पेट्या आणू शकत नाही. ब्रँड, लेबल गोव्याच्या एक्साईजकडे नोंदलेलं लागतं, परमिट लागतं, माल होलसेलरच्या गोदामातून येतो. म्हणून कितीतरी चांगल्या लहान वायनरी गोव्यात दिसतच नाहीत, पन्नास-साठ पेट्यांसाठी नोंदणीचा खर्च परवडत नाही त्यांना. म्हणजे तुमच्या आणि वाईनमेकरच्या मैत्रीत एक तिसरा माणूस कायम बसलेला असतो. त्याच्याशीही गोड राहा. माझं एकदा त्याच्यापायी वाईट झालं, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शिराझ या रेड वाईनच्या २० पेट्या नाशिकहून निघाल्या. कागदात काहीतरी चूक होती, ट्रक नाक्यावर दोन दिवस उन्हात उभा. पेट्या आल्या तेव्हा बाहेरून धडधाकट. मी एक बाटली हातात घेतली आणि बोट चिकटलं. वरच्या आवरणाच्या कडेखालून काळपट ओघळ आला होता. आवरण कापलं तर बूच केसभर वर उचललेलं. उघडली, ग्लासात ओतली. रंग ठीक. वास मनुका पातेल्यात शिजवल्यासारखा. फळ गेलेलं, मागे नुसता गोडसर उष्ण दर्प. होलसेलरला फोन केला. तो म्हणाला, “शेठ, टूरिस्टला काय कळतंय, चारशे रुपये कमी करून काढून टाका.” खरं सांगतो, मी रात्रभर विचार केला. २४० बाटल्या होत्या. टूरिस्टला खरंच कळत नाही.

सकाळी मित्राला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, “बूच किती वर आलंय?” मी मोजून सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “भाऊ, एकही विकू नका. माझं नाव आहे त्यावर.” जूनमध्ये तो आला तेव्हा आम्ही दोघांनी वेगवेगळ्या पेट्यांतल्या सहा बाटल्या उघडल्या, सहाही तशाच. एक्साईजचे कागद करून सगळा माल ओतला. नुकसान त्यानं निम्मं सोसलं, पुढच्या वर्षीच्या मालात भरून दिलं, निम्मं मी. होलसेलरनं काही सोसलं नाही. तेव्हापासून मार्च संपल्यावर बूचवाली रेड मी मागवतच नाही, पावसाळा सरेपर्यंत थांबतो. त्याआधी मित्र आणखी पेट्या देऊ करत असला तरी नाही म्हणतो, आणि तोही आता विचारत नाही.

ही झाली निभावलेली. न निभावलेलीही एक आहे. सत्तरीतला एक भट्टीवाला, वयानं माझ्याहून मोठा, अकरा वर्षं त्याची फेणी मी विकली. एका हंगामात त्याची प्रकृती बरी नव्हती, आग मुलांनी सांभाळली. फेणी करपट आली. मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, या वर्षीची मी ठेवत नाही, पुढच्या वर्षीचे पैसे आत्ताच देतो. मला वाटलं होतं, याहून बरं सांगता आलं नसतं. त्याला ते फार लागलं. म्हणाला, “माझ्या दारवेक वास येता म्हण तूं सांगता?” पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षीची फेणी दुसऱ्या दुकानात गेली, आणि ती चांगली होती, मी तिथून एक बाटली विकत आणून बघितली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटला की मान हलवतो, थांबत नाही. मी बरोबर होतो असं अजून वाटतं. पण मुलांसमोर न सांगितलं तरी मुलांना कळणारच होतं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

स्टॉलचं एका वाक्यात: तुम्ही दुकानदार आहात, स्टॉलचं भाडं भरू नका. महोत्सवाला जा, पण पहिल्या दिवशी दुपारी, गर्दी व्हायच्या आधी. सेल्सच्या मुलाला सूट मागू नका, त्याच्या हातात ती नसते. एवढंच विचारा की ही बाटली कधी भरली आणि हीच वाईन तुमच्याकडे घरी कोण पितं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना जो खुलतो त्याचा नंबर घ्या आणि फेब्रुवारीत त्याच्या वायनरीवर जायचं आहे म्हणून सांगा. व्हाइट आणि रोझेची बाटली भरल्याची तारीख मागच्या लेबलवर बघायची सवय लावा. आपल्याकडची शेनिन, सॉव्हिन्यॉं तरुणपणी प्यायच्या वाईन आहेत, दुकानाच्या शोकेसमध्ये ट्यूबलाइटखाली दोन वर्षं उभ्या करायच्या नाहीत. मी बसलो तेव्हा ही अडचणच नव्हती, वाईन म्हणजे गोड पोर्त, ती कुठेही ठेवा. सुलाची पहिली वाईन आली २००० साली, २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, मग नाशिककडे वायनरी उभ्या राहिल्या आणि आम्हा दुकानदारांना फ्रिज घ्यावे लागले. वडिलांना तो विजेच्या बिलाचा अपव्यय वाटायचा.

सांजावाच्या आठवड्यात दुकानात लहान बाटल्या जास्त ठेवा, पेट्रोल पंपावर असते तशी रांग लागते. विहिरीकडे निघालेल्या पोरांना काच देऊ नका, प्लॅस्टिकची मागा किंवा घरी पिऊन मग जा म्हणावं. विहिरीच्या कठड्यावर फुटलेली बाटली मी पायात घुसलेली बघितली आहे. आणि जो आधीच झुलतोय त्याला सरळ नाही म्हणा. दर वर्षी कुठेतरी कुणी बुडाल्याची बातमी येते. गिऱ्हाईक रागावतं, रागावू दे. जुलैपासून हात आखडता घ्या, श्रावणात आणि चवथीपर्यंत आपल्या लोकांची खरेदी बसते, तेव्हा जूनमधल्या धंद्यावर भुलून माल भरू नका.

मार्चमध्ये माझ्याबरोबर भट्टीवर यायचं असेल तर या, शुक्रवार सोडून कुठल्याही दिवशी, बाजाराच्या दिवशी मला मान वर करायला वेळ नसतो. पहाटे पाचला निघू. शर्ट जुना घाला, बोंडूच्या रसाचा डाग कशानंही जात नाही.